माघारी



आमच्या गुरुजींच्या नावाने चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलायला मिळावं ही माझी फार वर्षांची इच्छा होती. विषय ठरवताना त्यांचा एक प्रश्न सारखा आठवत राहिला. वर्गात कुणी एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला की गुरुजी तो लगेच सांगत नसत. ते उलट विचारत, “हा शब्द कोण कुणाला म्हणतं? आणि कधी म्हणतं?” त्याचं उत्तर घरून, शेतावरून, बाजारातून शोधून आणलं की मग कपाटातून मोल्सवर्थचा जाडजूड कोश निघायचा. १८३१ साली पहिल्यांदा छापलेला आणि १८५७ साली वाढवून पुन्हा निघालेला तो कोश गुरुजी दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवायचे. आधी माणसं, मग कोश, हा त्यांचा क्रम. त्याच क्रमाने आज मी एका शब्दाकडे पाहणार आहे. शब्द आहे ‘माघार’.

रोज कानावर पडणारा शब्द आहे. संप मागे घेतला की माघार, दरवाढ मागे घेतली की माघार, उमेदवाराने अर्ज काढून घेतला की माघार. वर्तमानपत्राच्या मथळ्यात हा शब्द बहुतेक वेळा ‘अखेर’चा हात धरून येतो आणि त्याच्या पाठोपाठ ‘नामुष्की’ येते. ज्याने माघार घेतली तो हरला, असं आपण वाचायच्या आधीच ठरवून बसतो. माझं म्हणणं असं आहे की हा अर्थ शब्दावर अन्याय करणारा आहे. तो अन्याय शब्दापुरताच राहिला असता तर मी तुमचा वेळ घेतला नसता.

आधी शब्दाची जात पाहू. ‘माघार’मध्ये ‘माग’ आहे. संस्कृत ‘मार्ग’, प्राकृत ‘मग्ग’, मराठी ‘माग’. चोराचा माग काढतात तो हाच माग. मागोवा, मागमूस हे त्याचेच गणगोत, आणि ‘मागे’ हा शब्दही तिथलाच. म्हणजे आपल्या भाषेत पाठीमागची बाजू दाखवणारा शब्द वाटेच्या शब्दापासून झाला आहे. याचा अर्थ फार सुंदर आहे. चालणाऱ्याच्या मागे काय असतं? त्याने चालून काढलेली वाट असते, त्याच्या पावलांचे ठसे असतात. पुढची वाट अजून कुणाची नाही. मागची मात्र आपली असते. माघारी फिरणारा माणूस या आपल्या ओळखीच्या वाटेवर पुन्हा पाय ठेवतो.

आता क्रियापद पाहा. गुरुजी म्हणायचे, नाम कुणाबरोबर संसार करतं ते बघा म्हणजे त्याचा स्वभाव कळतो. पराभव ‘होतो’. पिछेहाट ‘होते’. शरणागती ‘पत्करावी’ लागते. कच ‘खातात’, नांगी ‘टाकतात’, शेपूट ‘घालतात’, पाठ ‘दाखवतात’, पळ ‘काढतात’. या सगळ्यांत काहीतरी अंगावर येतं, किंवा अंगातलं काहीतरी गळून पडतं. माघार मात्र ‘घेतात’. मराठीत ‘घेणं’ हे क्रियापद स्वतःच्या बाजूने चालतं. ‘जेवून घे’, ‘वाचून घे’, ‘विसावा घे’, ‘दम घे’. जे आपल्यासाठी, आपल्या हाताने करायचं त्याला आपण ‘घेणं’ लावतो. माघारीला भाषेने दम आणि विसाव्याच्या पंगतीला बसवलं आहे. घेणारा शुद्धीवर आहे, निर्णय त्याचा आहे, हे त्या एका क्रियापदात आलं.

आणि ती एकटी नाही. मागे ओढून घेण्याची आपल्याकडे मोठी शब्दसंपत्ती आहे, आणि तिच्यात बारीक भेद आहेत. पैशाचा हात ‘आखडता’ घेतात. बोलणं, जेवण, कार्यक्रम ‘आवरता’ घेतात. नको त्या बैठकीतून ‘काढता पाय’ घेतात. शब्द ‘मागे’ घेतात. आखडता, आवरता, काढता: तिन्हींत क्रिया चालू आहे आणि तीही पुन्हा ‘घेण्या’शी जोडलेली. ‘आवरणं’ या शब्दाचं तर मला विशेष प्रेम आहे. आई मुलीला म्हणते, “आवर लवकर”. तेव्हा त्याचा अर्थ तयार हो असा होतो. स्वयंपाकघर आवरणं म्हणजे वस्तू जागच्या जागी लावणं. रडणं आवरणं म्हणजे स्वतःला सावरणं. पसरलेलं जवळ घेणं हा मूळ भाव सगळीकडे एकच. आपल्याकडच्या देवळांत गाभाऱ्यात जाण्याआधी दगडात कोरलेलं कासव असतं. सर्व अवयव आत ओढून घेणाऱ्या कासवाची उपमा गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे. आपण त्याच्या पाठीला हात लावून कपाळाला लावतो. ज्या समाजाने आवरून घेणाऱ्या प्राण्याला देवाच्या समोरची जागा दिली, त्या समाजाला माघारीची लाज वाटायचं खरं तर कारण नव्हतं.

एसटी स्टँडवर उभं राहिलं की मला एक गोष्ट नेहमी ऐकू येते. गाडी मागे घ्यायची असली की कंडक्टर किंवा कुणीतरी पोरगा मागे जाऊन उभा राहतो, गाडीच्या अंगावर थाप मारतो आणि ओरडतो, “येऊ द्या, येऊ द्या!” गाडी उलटी चालली आहे आणि आपण तिला ‘जाऊ द्या’ म्हणत नाही, ‘येऊ द्या’ म्हणतो. कारण मागे कुणीतरी उभं आहे. हे वाक्य ध्यानात असू द्या, मला शेवटाकडे ते लागणार आहे.

कबड्डी आपल्या मातीतला खेळ. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तो जगाला करून दाखवला. या खेळाइतका माघारीचा सन्मान करणारा दुसरा खेळ मला माहीत नाही. चढाईला गेलेल्या खेळाडूकडे ३० सेकंद असतात. गडी मारले आणि मध्यरेषेकडे परत आला नाही, तर ते गडी मेलेच नाहीत; उलट हाच बाद. गुण आत जाऊन मिळत नाही, परत येऊन मिळतो. पण याची दुसरी बाजूही नियमात आहे. कुणालाही न शिवता आणि निदानरेषा न ओलांडता परत आला, तरीही तो बाद. पुरुषांच्या मैदानात ही रेषा मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर असते. काठावरून पाय बुडवून येणाऱ्याच्या परतण्याला हा खेळ माघार मानत नाही. आधी जायचं, तिथवर पोचायचं, मग यायचं. लहानपणी आमच्या शाळेच्या मैदानावर सगळ्यात जास्त टाळ्या परत येताना मध्यरेषेवर पालथा पडून हात टेकवणाऱ्याला मिळायच्या. त्या हाताला कुणी कधी पळपुटा म्हटलं नाही.

लढाईच्या इतिहासात तर माघार हा आपल्या पूर्वजांच्या हातातला मुख्य डाव होता. १६६५च्या जून महिन्यात शिवाजी महाराजांनी पुरंदरच्या तहात २३ किल्ले दिले आणि १२ ठेवले. हा आकडा शाळेत आपण घोकला. पण त्यानंतर पाचच वर्षांनी, १६७०मध्ये, सिंहगडापासून ते किल्ले परत घ्यायला सुरुवात झाली, हे त्याच ओळीत शिकवायला हवं. वाट राखून मागे आलेला माणूस पुन्हा त्या वाटेने जाऊ शकतो.

मला याहून बोलकं वाटतं ते वडगावचं प्रकरण. पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना वडगाव मावळ लागतं. १७७८च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची सुमारे चार हजारांची फौज राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायला निघाली. घाट चढून ती खंडाळा, कार्ला करत पुढे येऊ लागली. मराठे समोरासमोर अडवून बसले नाहीत. ते मागे सरत राहिले, मागे सरता सरता बाजूने टोचत राहिले आणि शत्रूला मिळेल असं काही मागे ठेवलं नाही. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. मराठी माणसांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ हे नाव दिलं आहे. ९ जानेवारी १७७९ला इंग्रज तळेगावला पोचले तेव्हा गाव रिकामं आणि जळालेलं होतं. पुणं तिथून हाकेच्या अंतरावर, पण दाणा नाही, वैरण नाही. आता इंग्रजांचा धीर सुटला. ११ जानेवारीच्या रात्री त्यांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या आणि ते परत फिरले. मराठ्यांनी त्यांना वडगावला गाठलं, घेरलं आणि तह लिहून घेतला. १७७३ नंतर घेतलेला मुलूख परत देण्याचं कलम त्यात होतं. पुढे कलकत्त्याने तो तह नाकारला, युद्ध चालूच राहिलं, तो वेगळा भाग. मला दाखवायचं आहे ते एवढंच: त्या दहा-बारा दिवसांत एकाच रस्त्यावर दोन फौजा मागे सरल्या. महादजी शिंद्यांच्या फौजेने माघार घेतली. इंग्रजांची पिछेहाट झाली. ‘घेतली’ आणि ‘झाली’ यांतलं अंतर समजायचं असेल तर वडगावच्या स्मारकापाशी पाच मिनिटं उभं राहावं.

निवडणुकीच्या भाषेने या शब्दाला सरकारी शिक्का दिला. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात अर्ज मागे घेण्याचं ३७वं कलम आहे. छाननीनंतर दुसरा दिवस हा माघारीचा शेवटचा दिवस, वेळ दुपारी ३पर्यंत. उमेदवाराने सही केलेली लेखी सूचना द्यायची. आणि एकदा दिली की ती परत घेता येत नाही. माघारीला माघार नाही. त्या दिवशी तहसील कचेरीबाहेर काय चालतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. कुणाची समजूत घातली जाते, कुणाला गाडीत घालून आणलं जातं, कुणाचा फोन लागत नाही. तिथे जे घडतं त्यातलं किती ‘घेतलेलं’ असतं आणि किती ‘घ्यायला लावलेलं’, हे कायद्याच्या कागदावर दिसत नाही. सही दिसते. हा मुद्दाही मी राखून ठेवतो. सही आणि अंगठा यांच्याकडे मला परत यायचं आहे.

हवामान खात्याचं तर काय सांगावं. मान्सून येतो तेव्हा त्याचं ‘आगमन’ आणि जातो तेव्हा ‘माघार’. पाच दिवस सलग पाऊस थांबलेला, हवेतला ओलावा उतरलेला आणि खालच्या थरात वारे उलटे फिरू लागलेले, अशा खुणा पटल्या की पश्चिम राजस्थानातून माघार सुरू झाल्याचं जाहीर होतं. त्याची सरासरी तारीख २०२०पासून १७ सप्टेंबर धरली जाते. शेतकरी मात्र माघार म्हणत नाही. तो म्हणतो ‘परतीचा पाऊस’. काढलेलं सोयाबीन वावरात पडलेलं असताना जो पाऊस येतो त्याचं नाव त्याने जाण्यावरून ठेवलं नाही, जाता जाता पुन्हा येण्यावरून ठेवलं.

‘परत’ म्हटल्यावर वारीचं बोलायलाच हवं. आषाढी एकादशीचं दर्शन झालं की वारी संपली, असं दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्याला वाटतं. वारकऱ्याला तसं वाटत नाही. पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो आणि मग पालख्या परतीला लागतात. जाताना लागतात त्याहून पुष्कळ कमी दिवसांत, जाताना असतात त्याच्या तुलनेत अगदी मूठभर माणसांनिशी, त्या आळंदीला आणि देहूला येतात. वाटेत स्वागताच्या कमानी नसतात, कॅमेरे नसतात, पावसाचा जोर मात्र असतो. ही परतवारी मी एकदाच चाललो. ज्येष्ठ वारकरी तिला अर्धी राहिलेली वारी म्हणतात. देव भेटला, आता घरी नेऊन पोचवायचं.

आता मी माझ्या गावच्या बोलीकडे येतो. इथवर आलो ते तिथे पोचण्यासाठीच.

माझं बालपण माणदेशात गेलं. सातारा जिल्ह्याचा तो पूर्वेकडचा, पाऊस चुकवणारा भाग. तिकडे ‘परत’ हा शब्द फारसा कुणी वापरत नाही. बाजारातून माणूस ‘माघारी’ येतो, गुरं ‘माघारी’ फिरतात, उसने दिलेले पैसे ‘माघारी’ मिळत नाहीत. आणखी एक उपयोग आहे, तो शहरात जवळजवळ ऐकू येत नाही. “बापाच्या माघारी आईनं पोरं वाढवली.” “माझ्या माघारी या जनावरांचं कसं व्हायचं?” इथे माघारी म्हणजे नसताना, गेल्यावर, मरणानंतर. गेलेला माणूस पुढे गेला. जे राहिले ते त्याच्या माघारी, त्याच्या वाटेवर राहिले. मी म्हातारपणाला पोचलो आहे. ‘माझ्या मृत्यूनंतर’ हे मला अजून म्हणता येत नाही. ‘माझ्या माघारी’ हे सहज म्हणता येतं.

आणि तिकडे ‘माघारीण’ आहे. सासरहून माहेरी आलेली लेक म्हणजे माघारीण. गावच्या जत्रेला, पंचमीला लेकी-माघारणी येतात. त्यांना आणायला भाऊ किंवा चुलतभाऊ मुराळी म्हणून जायचा. मूळ धाडायचं, मुराळ्याने बैलगाडीतून किंवा पुढेपुढे एसटीतून घेऊन यायचं. माघारीण आली की घरात पुरण शिजायचं, झोके बांधले जायचे, चार दिवस तिच्या हातात केरसुणी दिली जायची नाही. माघार या शब्दाचा इतका आनंदी उपयोग दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असं मला वाटत नाही. युद्धात, निवडणुकीत जो शब्द मान खाली घालून येतो, तो इथे डोक्यात गजरा माळून येतो.

पण गुरुजींचा प्रश्न इथे विचारायलाच हवा. कोण कुणाला म्हणतं, आणि कधी म्हणतं? चार दिवसांसाठी आलेली माघारीण. तीच मुलगी कायमची आली तर? तेव्हा हा शब्द गळून पडतो. मग ती ‘टाकलेली’ असते, किंवा ‘नांदत नाही’. ‘सोडून आली’ म्हणतात. आलेली एकच, वाट एकच, घर तेच. दिवस वाढले तसा शब्द बदलला.

मी सहावीत होतो. माझी आत्या एका संध्याकाळी कडेवर पोर आणि डोक्यावर ट्रंक घेऊन स्टँडपासून चालत आली. तिच्या पाठीवर जे होतं ते मी पाहिलं, त्याचं वर्णन करणार नाही. घरातल्या पुरुषांत ओट्यावर बराच वेळ बोलणं झालं. चार दिवस ठेवावी आणि मग पोचवून यावं, असं ठरत आलं होतं. आजी आतून ऐकत होती. ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “माघारीण हाय ती या घरची. पोचवायची भाषा करू नगासा.” आणि आत वळून आत्याला म्हणाली, “पाय धू. भाकरी खा.”

आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण तिने त्या रात्री एका शब्दाचा अर्थ बदलू दिला नाही. सणाच्या लेकीचा शब्द तिने मार खाऊन आलेल्या लेकीला दिला. गल्लीत बायका काय म्हणायच्या ते म्हणत होत्या; आमच्या घरात मात्र आत्याला कुणी ‘टाकलेली’ म्हटलं नाही. ती पुढे चाळीस वर्षं त्या घरात राहिली, तिच्या पोराने तिथूनच शाळा केली. आमची शेळ्यांची खांडं, परड्यातली भाजी, आजोबांचं शेवटचं आजारपण, सगळं तिने पाहिलं.

१९८१ साली आजोबा गेले. वारसनोंद लावायची वेळ आली. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या हिश्श्यात मुलीलाही वाटा आहे, त्यामुळे नोंदीत आत्याचं नाव लागणार होतं. मग हक्कसोडपत्राचा कागद तयार झाला. ‘हक्कसोड’ हा मराठीतला मागे ओढून घेण्याचा सगळ्यात जड शब्द आहे, आणि तो जवळजवळ नेहमी बाईच्या तोंडी घातलेला असतो. बहीण स्वखुशीने, कुणाच्याही दबावाशिवाय आपला हक्क सोडून देत आहे, असं त्यात लिहिलेलं असतं. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आत्याने अंगठा दिला. तिला साडी-चोळी केली. मी तेव्हा शिकलेला होतो, नोकरीला लागलेला होतो, तिच्या शेजारी उभा होतो. तिने मला विचारलं, “यात काय लिवलंय?” मी म्हणालो, “काही नाही, नोंदीचं आहे.” मंडळी, मी भाषेचा विद्यार्थी म्हणवतो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात खोटं भाषांतर मी त्या दिवशी केलं.

आत्याची ती माघार नव्हती. तिने काहीच ‘घेतलं’ नव्हतं. तहसीलबाहेर गाडीत घालून आणलेल्या उमेदवाराच्या सहीसारखाच तो अंगठा होता. आणि ज्या घरात तिला माघारी येता आलं, त्याच घरातला तिच्या पायाखालचा तुकडा त्या कागदाने गेला. उद्या एखाद्या भावजयीने तिला जा म्हटलं असतं, तर जायला जागा नव्हती. कुणी म्हटलं नाही, हे तिचं नशीब. कायदा म्हणून तिच्या बाजूने उभं राहायला काही उरलं नव्हतं.

कायदा पुढे सरकला आहे. महाराष्ट्राने २२ जून १९९४पासून वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणे जन्माने हक्क दिला. हे देशाच्या आधी केलं, याचा मला अभिमान आहे. पण त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५च्या केंद्राच्या दुरुस्तीने लग्नाची ती अट उरली नाही. ११ ऑगस्ट २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हा हक्क जन्माचा आहे आणि २००५च्या त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही. म्हणजे माघारी येणाऱ्या लेकीच्या पायाखाली आता जमीन आहे. आणि तालुक्याच्या कचेऱ्यांत हक्कसोडपत्रांची रांगही आहे. कायद्याने दिलेली जमीन आपण साडी-चोळीत परत घेतो. बहिणीने मागितला वाटा तर तिचं माहेर तुटतं, असं तिला सांगितलं जातं. माहेर हवं असेल तर माहेरातला हक्क सोड: ही अट ज्याने शोधली त्याने ‘माघारीण’ या शब्दाचा जीवच काढून घेतला.

माघार घेता येणं ही सोय सगळ्यांना सारखी मिळत नाही, हे मला आत्याने शिकवलं. पुढे ते दुसरीकडेही दिसू लागलं. बीडकडची माणसं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून आधी ‘उचल’ घेतलेली असते. पोर तापलं, बायकोचं पोट दुखू लागलं, एक दिवस काम झालं नाही, तर ‘खाडा’ धरला जातो. हंगाम अर्धा टाकून गावाकडे यावं म्हटलं तर उचल अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी तीच फेडायला पुन्हा निघावं लागतं. एका तोडणीवाल्या बाईला मी विचारलं होतं, नको झालं तर काय करता? ती म्हणाली, “माघारी यायचं भाडं उचलीत नसतंय, बाबा.” मला या शब्दाबद्दल कुठल्याही कोशाने एवढं सांगितलं नव्हतं.

म्हणून मला मथळ्यांतल्या त्या ‘नामुष्की’चा राग येतो. माघारीला आपण इतकं हिणवलं की जिला यायचं आहे ती येत नाही. चुकलेलं लग्न, न झेपणारा अभ्यासक्रम, बुडीत निघालेला धंदा, यांतून मुलं-मुली बाहेर पडत नाहीत, कारण बाहेर पडण्याला आपल्याकडे लाजेखेरीज नाव उरलेलं नाही. “दिल्या घरी सुखी राहा” असं आपण मुलीला निरोप देताना म्हणतो. त्यात वाईट काही नाही. पण त्या वाक्याला जोडून दुसरं वाक्य आजच्या बापाने म्हटलं पाहिजे, आणि ते मांडवात, सगळ्यांच्या देखत म्हटलं पाहिजे: “नाही जमलं तर माघारी ये.” शहरात शिकायला निघालेल्या मुलालाही ते म्हणावं. गाडी मागे घेताना थाप मारून ‘येऊ द्या’ म्हणणारा माणूस मागे उभा आहे, एवढं त्यांना ऐकू आलं तर ते पुढेही धीराने जातील.

आणि जे घरात शिकलेले आहेत त्यांच्यासाठी माझी एक विनंती आहे. मी १९८१ साली जे केलं ते तुम्ही करू नका. तुमच्या घरात वारसनोंदीनंतर हक्कसोडपत्राचा कागद तयार होईल, तेव्हा तो आधी बहिणीपुढे, आत्यापुढे ठेवा. अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचून दाखवा. क्षेत्र किती आहे, गट क्रमांक कोणता आहे, सोडल्यावर काय उरत नाही, हे तिला समजेल अशा तिच्या बोलीत सांगा. मग तिला घरी जाऊन विचार करू द्या. ती नको म्हणाली, तर तो कागद तिथेच फाडून टाका आणि पुढच्या पंचमीला नेहमीसारखा मुराळी पाठवा.